बदललेली गाडी आणि पीयूसीचा संगणक

गाडीत फेरफार केलेला असला की पीयूसी काढताना आता दोन परीक्षा असतात. एक धुराची, दुसरी नोंदीची. बहुतेक मालक पहिलीचीच तयारी करून जातात. गॅस किट बसवलंय, जीपला दुसरं इंजिन टाकलंय, सायलेन्सर बदललाय, पण मेस्त्रीनं धूर तर कमी करून दिलाय. मग अडतंय कुठं? हे समजायला पस्तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

मोटार वाहन कायदा 1988 चा आणि केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे. धुराचा नियम 115 वा. सुरुवातीच्या मर्यादा सोप्या होत्या. पेट्रोलच्या चारचाकीनं आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन मंद चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत ठेवायचा, दुचाकी-तीनचाकीला 4.5 टक्के. डिझेल गाडीच्या धुराची घनता 65 हार्ट्रिजच्या (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) आत. तेव्हाच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणाऱ्या साध्या यंत्राच्या. चाचणीपुरता आयडलिंगचा स्क्रू फिरवून मिश्रणातलं पेट्रोल कमी केलं की आकडा खाली यायचा. प्रमाणपत्र हातात पडलं की स्क्रू पुन्हा पूर्वीच्या जागी, कारण तशी गाडी ओढत नसे. यात दोष मेस्त्रीचा जेवढा, त्याहून जास्त चाचणीचा होता. रस्त्यावर गाडी काय सोडते हे ती विचारतच नव्हती.

मराठवाड्यात फेरफार हा हौसेपेक्षा पोटापाण्याचा भाग होता. एसटी पोचत नव्हती तिथं काळी-पिवळी जीप पोचायची आणि पेट्रोलवर ती परवडत नसे, म्हणून जुन्या जीपला डिझेल इंजिन बसायचं. पुढं ओम्नीसारख्या व्हॅनमध्ये घरगुती गॅसची टाकी आली. तो प्रकार धोक्याचा आणि बेकायदा, पण खर्चाचं गणित बघता तो का पसरला हे उघड आहे. गॅसला वाहनाचं इंधन म्हणून रीतसर वाट मिळाली ती 2000 ची कायदादुरुस्ती आणि 2001 चा एलपीजी वापराचा आदेश यांमुळं. मान्यताप्राप्त किट, वेगळी टाकी आणि आरसी बुकात इंधनाची नोंद, अशी ती वाट होती.

त्याच 2000 च्या दुरुस्तीनं गाडीतल्या फेरफाराबद्दलचं कलम 52 कडक केलं. आधी नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी घेऊन गाडीत बदल करायला बरीच मोकळीक होती. दुरुस्तीनंतर निकष ठरला तो कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलाचा: आरसीवरची माहिती त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करायचा नाही. इंजिन बदलायचं तर पूर्वपरवानगी, इंधन बदलायचं तर मान्यताप्राप्त किट. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला.

दुसरीकडं गाड्याच बदलत होत्या. 1995 मध्ये चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं आणि तिथल्या नव्या पेट्रोल कारना धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. आपल्याकडं मराठवाड्यात हा कन्व्हर्टर लगेच आला नाही, कारण शिसं असलेलं पेट्रोल तो निकामी करतं. 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आणि नवे उत्सर्जन निकष लागू झाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीच्या शिफारशींवरून 2003 मध्ये वाहन इंधन धोरण ठरलं. मात्र निकष सगळीकडं एकदम लागू झाले नाहीत. एप्रिल 2010 मध्ये 13 शहरांत बीएस-4 (भारत स्टेज-4 हे उत्सर्जन निकष) आलं, त्यांत सोलापूर होतं. तिथून सुमारे 45 किलोमीटरवर तुळजापूर, तिथं मात्र बीएस-3. सोलापुरात डिझेलमधलं गंधक 50 पीपीएम (दहा लाखांत 50 भाग), आणि शहराची हद्द ओलांडली की 350 पीपीएमपर्यंत. बीएस-4 गाडी सेकंडहँड घेऊन इकडं आणणाऱ्याला इंधन जुन्या दर्जाचं मिळायचं आणि चाचणीची मर्यादा मात्र नवी, 65 ऐवजी 50 हार्ट्रिज. पेट्रोलच्या बीएस-4 कारला तर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्क्यावर आली, हायड्रोकार्बनची 200 पीपीएमवर. ही दरी मिटायला एप्रिल 2017 उजाडलं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-5 ला वगळून थेट बीएस-6 आलं, इंधनातलं गंधक 10 पीपीएमवर.

या नव्या गाड्यांत फिरवायला स्क्रू नाही. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन बघतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंधन कमी-जास्त करतो, बिघाड झाला की डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो आणि बिघाडाचा कोड साठवला जातो. गाडीनं स्वतःचीच तपासणी करायची ही ओबीडी पद्धत भारतात बीएस-4 बरोबर आली. अमेरिकेत तिची ओबीडी-2 ही आवृत्ती 1996 पासून सक्तीची आहे. कॅलिफोर्नियातल्या तपासणीत 2000 सालच्या आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालत नाहीत, गाडीच्या संगणकालाच केबल जोडतात. बिघाडाचे कोड स्कॅनरनं नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात आणि ती पास होत नाही. जुलै 2021 पासून तिथं ईसीयूतलं सॉफ्टवेअर बदललेलं आढळलं तरी गाडी नापास होते. बदल चालतो तो तिथल्या हवा मंडळानं मान्यता दिलेलाच. सॉफ्टवेअरवर एवढी नजर का, याचं उत्तर 2015 च्या फोक्सवॅगन प्रकरणात दिसतं. प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं स्वच्छ वागणारं सॉफ्टवेअर खुद्द कंपनीनंच बसवलं होतं. भारतात त्या समूहाला सुमारे 3.23 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, स्कोडासुद्धा. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला त्याच समूहाचा कारखाना असल्यानं ती बातमी इथल्या लोकांना लांबची नव्हती.

आपली पीयूसी आजही ओबीडीला केबल जोडत नाही. पेट्रोल गाडीला नळी आणि गॅस अ‍ॅनालायझर, डिझेलला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्मोक मीटर. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. त्यामुळं ईजीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद केलेली, रिमॅप केलेली, म्हणजे ईसीयूतलं सॉफ्टवेअर बदललेली डिझेल गाडी पास होऊ शकते, आणि मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. संभाजीनगरच्या जालना रोडवर किंवा लातूरच्या भर बाजारात श्वास घेणाऱ्याला त्या प्रमाणपत्राचा काय उपयोग?

संगणक आपल्याकडं शिरला तो नोंदीच्या बाजूनं. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असा आदेश दिला होता; 2024 मध्ये न्यायालयानंच ती अट काढली. जून 2021 च्या अधिसूचनेनं देशभर एकच नमुना आणला: क्यूआर कोड, मालकाचा मोबाइल नंबर, वाहन नोंदणीच्या राष्ट्रीय माहितीसाठ्याशी जोडणी आणि नापास गाडीला कारणासह नकारपत्र. गाडीचा नंबर टाकला की इंधन कोणतं आणि निकष कोणता हे नोंदीवरून ठरतं. पेट्रोल म्हणून नोंदलेली आणि गॅसवर धावणारी व्हॅन, किंवा आरसीत एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असलेली जीप, इथं अडकते. धूर कितीही स्वच्छ असला तरी ज्या मर्यादेनं तिला मोजायचं ती मर्यादाच दुसऱ्या गाडीची असते.

म्हणून क्रम उलटा हवा: आधी परवानगी आणि आरसीवर नोंद, मग पीयूसी. बीएस-6 गाड्यांनाही 3.5 टनांच्या आत सीएनजी-एलपीजी किट बसवायला 2022 पासून परवानगी आहे. किट त्या मॉडेलसाठी मान्य आहे का हे बिल देण्याआधी बघावं, कारण ही मान्यता तीन वर्षांपुरती असते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं. गाडी हप्त्यांवर असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्यावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीविना केलेल्या प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. सायलेन्सर, इंजिन आणि टाकी तिन्ही बदलले असतील तर ते तीन फेरफार धरले जाऊ शकतात.