वंगणभारित पृष्ठांवरील अब्जांश बुडबुडे

खडबडीत घन पृष्ठाच्या खाचांमध्ये तेलाचा पातळ थर मुरवला, म्हणजे वंगणभारित पृष्ठ तयार होते. असे पृष्ठ पाण्याखाली असताना त्यावर साचणारे अतिसूक्ष्म, म्हणजेच अब्जांश (नॅनो) वायुबुडबुडे अणुबल सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे अतितीक्ष्ण टोकाने पृष्ठ चाचपून प्रतिमा बनवणाऱ्या उपकरणाने, पाहता व मोजता येतात. हे उपकरण बिनिग, क्वेट व गेर्बर यांनी १९८६ मध्ये मांडले.

पाण्यातील जलद्वेषी (पाण्याने सहज न भिजणारी) पृष्ठे दुरूनच एकमेकांकडे का ओढली जातात, याचे कारण म्हणून पार्कर, क्लेसन व ॲटर्ड यांनी १९९४ मध्ये पृष्ठस्थ बुडबुडे सुचवले. प्रत्यक्ष प्रतिमा २००० च्या सुमारास जपान व चीनमधील गटांनी दिल्या. मात्र असा बुडबुडा टिकावा कसा, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला, कारण १०० नॅनोमीटर त्रिज्येच्या बुडबुड्यातील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १४ वातावरणे अधिक असतो आणि त्या हिशेबाने तो क्षणार्धात विरघळायला हवा. मलिन द्रव्याचे आवरण आणि वायूची सतत ये-जा अशी स्पष्टीकरणे पुढे आली. परंतु बुडबुड्याची कड पृष्ठावर जखडली जाते आणि भोवतीचे पाणी वायूने अतिसंपृक्त असते (त्यात एरवी मावेल त्यापेक्षा जास्त वायू विरघळलेला असतो), हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेलावर कड जखडायला घन आधार नसतो, शिवाय सिलिकोन तेलात हवा पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळते. म्हणून हे स्पष्टीकरण येथे जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरेल. अशा पृष्ठांवरून पाणी अपेक्षेपेक्षा अधिक सहज घसरते, त्याचे कारण हे बुडबुडेच असल्याचे सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले.

मोजणीत खरी कसोटी बुडबुडा ओळखण्याची असते. पाणी सोडण्यासाठी वापरलेल्या डिस्पोजेबल सुईवरून आलेले सिलिकोनचे थेंब प्रतिमेत हुबेहूब बुडबुड्यांसारखे दिसतात, आणि येथे तर तेल सर्वत्रच असते. त्यामुळे निर्वातात ढवळून वायुमुक्त केलेले पाणी पृष्ठावर सोडून पाहतात. बुडबुडा विरतो, थेंब राहतो.

पुण्यात आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) येथे अणुबल सूक्ष्मदर्शकाने अरुंद फटीतील पाण्यावर संशोधन झाले आहे. हे शहर सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. उघड्या भांड्यातील पाण्यात विरघळलेला वायूही, तापमान तेच असल्यास, त्याच प्रमाणात कमी असतो. अतिसंपृक्ततेचे आकडे मुंबईच्या आकड्यांशी ताडताना हे ध्यानात घ्यावे लागते.