कन्सल्टंटांच्या निवेदनामागची तीस वर्षे

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधील एखाद्या कंपनीत पाच-सहा वर्षे रोज सकाळी ओळखपत्र दाखवून आत जाणारा, पण पगारपत्रकावर नाव नसलेला माणूस ठाणे-बेलापूर पट्ट्यात आता नवलाईचा राहिलेला नाही. येथील रासायनिक कारखाने आक्रसत गेले, त्यांच्या जागी माहिती-तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली आणि त्याबरोबर 'पेरोलवर नको, कन्सल्टंट म्हणून या' ही भाषाही रुळली. या माणसाच्या हाती पगारावरील करकपात दाखवणाऱ्या फॉर्म १६ ऐवजी इतर मोबदल्यावरील कपात दाखवणारा १६-ए पडत आला आहे. अशी मंडळी करांबाबत लोकप्रतिनिधींना जे निवेदन देतात, त्यात बहुधा तीन मागण्या एका दमात असतात: दहा टक्के टीडीएस (मोबदला देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कमी करा, जीएसटी नोंदणीची वीस लाखांची मर्यादा वाढवा आणि अडीच हजारांचा व्यवसाय कर माफ करा. संपर्क कार्यालयातील लिपिक दुसऱ्या प्रतीवर 'पोच'चा शिक्का मारतो आणि पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही. याचा दोष केवळ लोकप्रतिनिधींना देता येणार नाही, कारण हे तीन नियम तीन वेगळ्या काळांत जन्मले आहेत आणि आजही तीन वेगळ्या हातांत आहेत.

त्यांतला सर्वाधिक टोचणारा नियम टीडीएसचा. कंत्राटदाराच्या बिलातून कर कापण्याचे जुन्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १९४-सी १९७२ पासून होते, परंतु डॉक्टर, वकील, अभियंते यांच्या व्यावसायिक शुल्कासाठी कलम १९४-जे आले ते मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना, १ जुलै १९९५ पासून. तेव्हा दर पाच टक्के आणि कपात लागू होण्याची मर्यादा वर्षाला वीस हजार रुपये होती. जून २००७ मध्ये दर दुप्पट होऊन दहा टक्क्यांवर गेला. मर्यादा मात्र २०१० मध्ये तीस हजार आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नास हजार अशी मुंगीच्या पावलांनी सरकली. २०२० मध्ये तांत्रिक सेवांचा दर दोन टक्क्यांवर आणून व्यावसायिक सेवांचा दहा टक्केच ठेवण्यात आला. हेतू वाद कमी करण्याचा होता. पण एखाद्याचे काम 'तांत्रिक' की 'व्यावसायिक', हा नवा वाद त्यातूनच उभा राहिला. हा वाद नेहमी कन्सल्टंटच्या विरोधातच का सुटतो, हे समजून घेण्यासारखे आहे. कर कमी कापला गेला तर फरकाची जबाबदारी आणि व्याज कंपनीवर येते, शिवाय त्या खर्चाची काही टक्के रक्कम कंपनीच्याच करपात्र उत्पन्नात धरली जाण्याची टांगती तलवार असते. जास्त कापला गेला तर कंपनीचे काहीच जात नाही. लेखा विभागातील माणूस अशा वेळी दहा टक्केच कापणार, हे सांगायला सीए लागत नाही.

दर अन्यायकारक आहे, एवढेच म्हणून थांबणारे निवेदन मात्र अर्धवट ठरते, कारण २०१६ च्या अर्थसंकल्पाने याच वर्गाला मोठी सवलत दिली आहे. न्यायमूर्ती आर. व्ही. ईश्वर यांच्या समितीने छोट्या व्यावसायिकांच्या वर्षभराच्या जमेपैकी (मिळालेल्या शुल्कापैकी) एक तृतीयांश रक्कम उत्पन्न धरावी, असे सुचवले होते. सरकारने निम्मी रक्कम उत्पन्न धरणारे कलम ४४-एडीए आणले, पन्नास लाखांपर्यंतच्या जमेसाठी. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर २०२३ पासून ती मर्यादा पंचाहत्तर लाख झाली. नोकरदाराला नव्या करप्रणालीत पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट मिळते, तर या कलमाखालील अभियंत्याला एकही पावती न दाखवता निम्मी जमा खर्च म्हणून सोडता येते. कराच्या अंतिम ओझ्याबाबत तो नोकरदारापेक्षा अनेकदा सुखी असतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

खरी अडचण ओझ्याची नसून अडकलेल्या पैशांची आहे. महिन्याला एक लाखाचे बिल देणाऱ्या कन्सल्टंटच्या खात्यात नव्वद हजार जमा होतात आणि वर्षभरात एक लाख वीस हजार रुपये सरकारकडे पडून राहतात. ४४-एडीएखाली त्याचे उत्पन्न सहा लाख ठरते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत कर लागत नसल्याने त्याचे देणे शून्य असते. म्हणजे ती सगळी रक्कम वर्ष संपल्यावर विवरणपत्र भरून परताव्याच्या रूपात मागायची. त्यावरील व्याज दरमहा अर्धा टक्का, तेही पुढच्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलपासून. त्याने देय असलेला आगाऊ कर वेळेत भरला नसता तर त्याच्याकडून मात्र दरमहा एक टक्का घेतला गेला असता. हा पैसा अडकतो हे सरकारने स्वतःच एकदा मान्य केले आहे: मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, टीडीएसचे दर मार्च २०२१ पर्यंत एक चतुर्थांशाने कमी करताना त्यातून पन्नास हजार कोटी रुपये लोकांच्या हाती राहतील, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले होते. निवेदनात याहून बिनतोड दाखला शोधून सापडणार नाही, तरी तो क्वचितच दिला जातो.

जीएसटीची कथा वेगळी आहे. सेवाकर १९९४ मध्ये टेलिफोन, विमा आणि शेअर दलाली अशा तीन सेवांवर पाच टक्क्यांनी सुरू झाला. संगणक प्रणालीविषयक सेवा २००८ मध्ये त्याच्या जाळ्यात आल्या आणि त्याच वर्षी छोट्या सेवादारांची सूट दहा लाखांवर गेली. जुलै २०१७ मध्ये जीएसटीने ती वीस लाख केली. एप्रिल २०१९ पासून वस्तू विकणाऱ्यांची मर्यादा चाळीस लाख झाली, सेवा देणारे वीस लाखांवरच राहिले. हा भेद खरोखर खटकणारा आहे, पण तो मिटवणे ना आमदाराच्या हातात आहे ना एकट्या केंद्राच्या. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणून ही मागणी परिषदेवर बसणाऱ्या राज्याच्या मंत्र्यांपर्यंत जायला हवी.

व्यवसाय कर मात्र निखळ राज्याचा. महाराष्ट्राने १९७५ मध्ये तो रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी बसवला आणि त्याची अडीच हजारांची कमाल मर्यादा १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ठरवली. २०२३ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत मासिक वेतन असलेल्या महिलांना त्यातून सूट मिळाली. ही सूट वेतनाला जोडलेली असल्याने घरून काम करणाऱ्या स्वतंत्र सल्लागार महिलेला तिचा उपयोग नाही. आमदारांकडे नेण्याजोगी मागणी खरे तर ही एवढीच आहे.

प्राप्तिकरासाठी दार खासदारांचे. नवी मुंबईतील ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ ठाणे लोकसभेत मोडतात, तर खारघर पनवेलमधून मावळ लोकसभेत जाते. त्यामुळे दोन्ही भागांतल्या सह्या एकाच कागदावर घेतल्या तरी तो दोन खासदारांना द्यावा लागतो. अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जात असल्याने परतावा अडकला म्हणून मार्चमध्ये दिलेल्या निवेदनाला फारसा अर्थ उरत नाही. वित्त विधेयकात नवा कर सुचवायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, पण कर कमी करणाऱ्या दुरुस्तीला राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७ नुसार ती लागत नाही. अशी दुरुस्ती कोणताही खासदार मांडू शकतो. ती मंजूर होणे कठीण, पण मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते.

चिकाटीनेही सारे साधते असे नाही. ब्रिटनमध्ये कंपनी काढून एकाच ग्राहकाकडे काम करणाऱ्यांवर एप्रिल २००० पासून 'आयआर-३५' हा, काम नोकरीसारखे असेल तर करही नोकरदारासारखा लावणारा नियम लागला. तेथील कंत्राटी व्यावसायिकांनी संघटना बांधून वर्षानुवर्षे खासदारांच्या गाठीभेटी घेतल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने त्यातील अलीकडच्या जाचक सुधारणा मागे घेण्याची घोषणा केली आणि चार आठवडे उलटायच्या आत नव्या अर्थमंत्र्यांनी ती घोषणाच मागे घेतली.

आपल्याकडे प्राप्तिकराचा कायदा नुकताच मुळापासून नव्याने लिहिला गेला. खासदार बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या प्रवर समितीने २०२५ मध्ये त्यावर सूचना मागवल्या, तेव्हा टीडीएसच्या व्याख्या स्पष्ट करून घेण्याची मोठी संधी होती. प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तेव्हा १९४-जे आणि ४४-एडीए यांचा उल्लेख असलेल्या जुन्या निवेदनाची नुसती तारीख बदलून ते पुन्हा छापून घेणे आता चालणार नाही.