दातांच्या ठेवणीतील दोष आणि वयानुसार उपचार

वेडेवाकडे दात, पुढे आलेले दात, वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट न बसणे, अशा दोषांचे निदान आणि उपचार करणारी दंतवैद्यकाची शाखा म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स. बोलताना आपण ‘दातांना तारा लावल्या’ म्हणतो. पण तार हे या शाखेचे फक्त एक साधन आहे. लहानपणी उपचार मुख्यतः जबड्याच्या वाढीला दिशा देतो, किशोरवयात तो वाढ आणि दात दोन्हींवर काम करतो आणि प्रौढपणी तयार हाडाच्या मर्यादेत दात सरकवतो. म्हणून ‘सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला अनेक मुलांचे नुकसान करतो.

अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये या दोषांचे वर्गीकरण मांडले. पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, हा त्याचा आधार. पहिल्या वर्गात दाढा जागेवर असतात, पण पुढचे दात दाटीने वाकडे होतात किंवा त्यांच्यात फटी राहतात. दुसऱ्या वर्गात खालच्या दाढा मागे राहतात. बहुतेकदा खालचा जबडाच मागे असतो आणि वरचे दात पुढे दिसतात. तिसऱ्या वर्गात खालचा जबडा पुढे येतो. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ही विभागणी रोजच्या वापरात आहे. चेहऱ्याची ठेवण आणि जबड्याची उभी-आडवी वाढ मात्र तिच्यात येत नाही, त्यामुळे निदान तेवढ्यावर थांबत नाही. वरचे पुढचे दात खालच्यांच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असणे स्वाभाविक आहे. हे अंतर बरेच वाढले, की ओठ मिटत नाहीत आणि खेळताना पडल्यावर पहिला मार याच दातांना बसतो.

कारणांत आनुवंशिकता मोठी. अंगठा चोखण्याची सवय कायमचे दात येऊ लागल्यावरही टिकली, तर वरचे दात पुढे झुकतात आणि दाढा मिटल्या तरी पुढे फट उरते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि येणाऱ्या दाताची जागा खाते. ती जागा राखणारे छोटे साधन वेळीच बसवले, तर पुढचा मोठा उपचार कधी कधी टळतो. दुधाचे दात ‘नाहीतरी पडणारच’ म्हणून दुर्लक्षिले जातात, ते याच कारणाने चूक आहे.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागाइतका पातळ तंतूंचा थर असतो. हलका, सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ताणाच्या बाजूला नवे तयार होते आणि दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जोर वाढवून काम लवकर उरकत नाही. उलट मुळे झिजण्याचा धोका वाढतो.

पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी, असा अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेचा सल्ला आहे. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि काही पटाशीचे दात आलेले असतात. या वयात बहुतेक मुलांना फक्त नजरेखाली ठेवणे पुरते. वरच्या दोन मधल्या दातांतली फट पाहून पालक घाबरतात. अनेकदा सुळे आल्यावर ती आपोआप मिटते.

काही दोष मात्र थांबत नाहीत. वरचा जबडा अरुंद असलेले मूल तोंड मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकवते, आणि हीच सवय राहिली तर जबड्याची वाढ वाकडी होऊ शकते. अशा वेळी टाळूला रुंदी देणारे साधन लावतात. त्याच्या मधल्या स्क्रूला घरी किल्लीने ठरल्याप्रमाणे फेरा द्यायचा. एका फेऱ्यात साधारण पाव मिलिमीटर. वेगाने रुंदी देताना काही दिवसांत समोरच्या दोन दातांत मोठी फट पडते. टाळूच्या मधली शिवण उघडत असल्याची ती खूण असते. वय वाढते तशी ही शिवण घट्ट होते आणि हेच काम अवघड होत जाते. खालचा जबडा पुढे दिसण्याचे कारण वरच्या जबड्याची अपुरी वाढ असेल, तर तो पुढे ओढणारे तोंडावरचे साधनही साधारण दहाव्या वर्षाआधी जास्त उपयोगी पडते.

दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर बोटाला लागायला हवा. तो लागत नसेल, तर सुळा टाळूकडे अडकलेला असू शकतो आणि शेजारच्या दाताचे मूळ खाऊ शकतो. एक्स-रे काढून वेळीच दुधाचा सुळा काढला, तर कायमचा सुळा कित्येकदा वाटेवर येतो.

किशोरवयात उंची झपाट्याने वाढते तेव्हा मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी साधने वापरतात; मुलींमध्ये ही वेळ मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी येते. कायमचे दात आल्यावर ब्रॅकेट (दातांवर चिकटवायचे, तार धरून ठेवणारे छोटे तुकडे) आणि तार बसवतात. पूर्ण उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. दाटी फार असेल तर उपदाढा काढाव्या लागतात, सरसकट नव्हे. ब्रॅकेटभोवती ब्रश नीट फिरला नाही तर दातांवर पांढरे डाग पडतात, आणि तार निघाल्यावरही ते राहू शकतात.

प्रौढांचे दातही सरकतात, कारण हाड जिवंत असते. मात्र हिरड्यांचा आजार आधी आटोक्यात आणावाच लागतो. साध्या दोषांत पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर घालायचे आणि काढता येणारे साचे, चालतात, पण ते दिवसाचे सुमारे 22 तास घालावे लागतात. जबड्यांतला फरक मोठा असेल, तर वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते.

तार निघाल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढू पाहतात, म्हणून दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन, म्हणजे रिटेनर, लावतात. वयानुसार खालच्या पुढच्या दातांत दाटी होतच असते, उपचार न घेतलेल्यांतही. तिचे खापर अक्कलदाढेवर फोडतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही.