बूस्टवर पेट्रोलचा दाब पडतो? पंप विकत घेण्याआधी एवढं तपासा

ट्यून केलेल्या टर्बो पेट्रोल गाड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडी गावात व्यवस्थित चालते, पण तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबली की साडेचार हजार आरपीएमच्या पुढे ओढत नाही, मिस मारते आणि एअर-फ्युएल मीटर (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, ते दाखवणारा) १३ च्या वर चढतो. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये मोठा पंप आधीच बसलेला असतो आणि तक्रार मात्र जागच्या जागी असते. पंप खराब निघतोही, पण टाकीपासून इंजेक्टरपर्यंत दाब गळायच्या जागा बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या काही तपासायला एक पैसाही लागत नाही.

लक्षण दिसलं त्या क्षणापासून बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, गाडी दाबणं बंद करा. पूर्ण बूस्टवर मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) की नॉक, म्हणजे मिश्रण अवेळी धक्क्याने पेटणं, सुरू होतो आणि पिस्टन निकामी व्हायला काही सेकंद पुरतात.

दाब किती हवा

जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचं १.८ लिटर टर्बो इंजिन घेऊ. रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवर) ३ बारचा रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरवणारा व्हॉल्व, आणि तिथून टाकीकडे जाणारी रिटर्न लाइन, अशी रचना. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम असल्यामुळे रेलवर साधारण २.५ बार दिसतात. रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढला की ३. एक बार बूस्ट आला की ४ दिसायलाच हवेत, कारण इंजेक्टर आता त्या बूस्टच्या विरुद्ध पेट्रोल ढकलतो आहे. म्हणजे रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब, हा फरक कायम ३ बार राहिला पाहिजे. गेजवर बूस्टच्या वेळी ३.४ बघून ‘दाब तर आहे’ म्हणणारे बरेच भेटतात. त्या गाडीत फरक २.४ वर आलेला असतो. इंजेक्टरचा प्रवाह फरकाच्या वर्गमुळाने बदलतो, त्यामुळे पेट्रोल साडेदहा टक्क्यांनी कमी पडतं आणि ११.८ च्या एअर-फ्युएल प्रमाणावर लावलेला मॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं ट्यूनिंग) १३.२ वर जातो.

स्विफ्ट, सिटीसारख्या गाड्यांना बाहेरून टर्बो किट लावलं असेल तर गोष्ट वेगळी. अशा बहुतेक गाड्यांत रिटर्न लाइन नसते, रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला बूस्ट कळत नाही. अर्धा बार बूस्ट दिला की फरक अर्ध्या बारने कमी होणारच. तो बिघाड नाही. मॅप करणाऱ्याने ते हिशेबात धरलंय का, एवढंच विचारा.

सगळ्यात आधी एक रबरी पाइप

रेग्युलेटरच्या डोक्यावरचा तो करंगळीएवढा पाइप. तो थ्रॉटलच्या पुढे, थेट मॅनिफोल्डवरून आलेला हवा. त्याच पाइपवर टी मारून बूस्ट गेज आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व जोडलेले असतील तर ते आधी वेगळे करा. दोन्ही टोकांना क्लिप आहे का बघा. क्लिप नसली तर व्हॅक्यूममध्ये पाइप जागेवर घट्ट बसतो आणि बूस्ट आला की निसटतो. एक बार बूस्टवर निसटला की फरक ३ वरून २ बारवर येतो, म्हणजे पेट्रोलमध्ये १८ टक्के घट. पाइप काढून नाकाशी धरा. आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. तो बदला, दुरुस्त होत नाही.

जागेवरची चाचणी

मोकळ्या जागेत, थंड इंजिनावर, अग्निशामक हाताशी ठेवून. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो, आणि मगच गेज जोडा. मग बॅटरीला चार्जर लावा, रेग्युलेटरच्या पाइपावर हातपंपाने १ बार हवा द्या आणि इंजिन बंद ठेवून पंप थेट रिलेवरून चालवा. गेजवर ३ चे ४ झाले तर रेग्युलेटर त्याचं काम करतोय.

आता रिटर्न लाइन मापाच्या धातूच्या कॅनमध्ये सोडा आणि ३० सेकंद मोजा. २०० हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनाला पूर्ण भारावर ताशी साधारण ७४ लिटर पेट्रोल लागतं. वर २० टक्के राखीव धरले तर ४ बारवर अर्ध्या मिनिटात ७५० मिलिलिटर यायला हवं. ५५० वर अडकलं तर दोष टाकी, फिल्टर किंवा वायरिंगकडे आहे. इंजेक्टर काढायची गरज नाही. एक गोष्ट मात्र करू नका: पंप चालू असताना रिटर्न लाइन पूर्ण दाबून धरू नका. दाब क्षणात कितीतरी वर जातो आणि कमकुवत जोड तिथेच सुटतो.

प्रवाह कमी आला तर

पहिल्यांदा व्होल्टेज. मल्टिमीटर बॅटरीवर नाही, पंपाच्या प्लगवर, पंप चालू असताना. बॅटरीवर १३.५ आणि प्लगवर ११.८ दिसले तर कंपनीच्या बारीक वायरमध्ये पावणेदोन व्होल्ट वाया जातायत. ढोबळमानाने एक व्होल्टला दहा टक्के प्रवाह जातो, दाब जास्त असेल तर आणखी. मूळ पंपासाठी ती वायर पुरत होती. ताशी २५५ लिटरचा पंप ८ ते १० अँपिअर खेचतो. त्याला बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेसह ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर द्या. अर्थिंगही नवीन हवं, ते सगळे विसरतात.

मग फिल्टर आणि टाकीतली जाळी. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) सुरू झाल्यापासून जुन्या टाकीतला मळ सुटून जाळीवर बसण्याची शक्यता वाढली आहे. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० आकारमानाने सात ते आठ टक्के जास्त लागतं. जेमतेम पुरणारा पंप इथेच उघडा पडतो.

टाकीच्या आतला पाइप हा सर्वांत फसवा दोष, कारण गळती टाकीतच होते: थेंब दिसत नाही, वास येत नाही. पंप बदलताना साधा फ्युएल होज कापून आत घातलेला असतो. तो बाहेरून भिजण्यासाठी बनवलेला नसतो. काही महिन्यांत फुगतो, मऊ पडतो आणि क्लिपखाली चिरतो. आत ‘एसएई ३० आर १०’ असं छापलेला बुडीत होजच हवा. मोठा पंप बसावा म्हणून पंपाभोवतीचा मूळ डबा कापलेला असेल तर तेही बघा. त्या डब्यामुळे वळणात पंपाच्या तोंडाशी पेट्रोल टिकून राहतं. टाकी पावच्या खाली असताना ताम्हिणीच्या वळणात दाब झटकन पडतो आणि सरळ रस्त्यावर परत येतो, तेव्हा आम्ही आधी तिथेच हात घालतो.

हे सगळं ठीक असेल तर पंप. नावाजलेल्या पंपांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात. डब्यावरून ओळखू येत नाहीत, ३० सेकंदांच्या मापात येतात.

रस्त्यावरची नोंद

काटेरी गेज केबिनमध्ये आणू नका, पेट्रोलची लाइन बॉनेटखालीच राहू द्या. ० ते १० बारचा इलेक्ट्रिक सेन्सर लावा आणि तो रेलवर थेट न बसवता छोट्या होजने बाजूला घ्या. नाहीतर कंपनाने टिकत नाही. बूस्ट, आरपीएम आणि दाब एकत्र नोंदवा. आरपीएमबरोबर दाब हळूहळू उतरत गेला तर प्रवाह अपुरा. ठराविक बूस्टला एकदम कोसळला तर आधी तो रबरी पाइप. अर्ध्या तासाने, गरम झाल्यावरच पडतो, तर पंप थकलाय किंवा वायरिंग तापतंय. आणि दाब अगदी बरोबर असून मिश्रण लीन असेल तर इंजेक्टरची ड्युटी (तो किती टक्के वेळ उघडा राहतो) बघा. ८५ ते ९० टक्क्यांच्या वर असेल तर इंजेक्टरच लहान पडतायत.

थेट इंजेक्शनच्या गाड्यांत, उदाहरणार्थ पोलो जीटी टीएसआयमध्ये, टाकीकडचा काही बारचा कमी दाब आणि कॅमवरच्या पंपाचा शंभराच्या वरचा दाब असे दोन टप्पे असतात. उच्च दाबाच्या लाइनला घरी हात लावू नये. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब स्कॅनरवर वाचता येतो. फक्त उच्च दाब पडत असला तरी टाकीकडचा दाब स्वतंत्र मोजल्याशिवाय महागडा पंप बदलायला होकार देऊ नका.

सकाळी उशिरा स्टार्ट होणं ही वेगळी तक्रार

इंजिन बंद केल्यावर दाब दहा मिनिटांत २ बारच्या खाली जाऊ नये. जात असेल तर पुरवठ्याचा रबरी पाइप चिमटा. दाब टिकला तर टाकीतला चेक व्हॉल्व (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) किंवा तो आतला होज. रिटर्न चिमटल्यावर टिकला तर रेग्युलेटर. दोन्ही वेळा उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल तर इंजेक्टर ठिबकतोय. एखादा प्लग ओला सापडेल. नायलॉनच्या कडक लाइन चिमटू नका, तडकतात. अशा गळतीने सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, पण केवळ चेक व्हॉल्व गेल्याने बूस्टवरची ताकद कमी होत नाही. दोन्ही तक्रारी असतील तर दोन्ही स्वतंत्र सांगा.

गाडी आणताना टाकी अर्ध्याच्या आत ठेवा, काठोकाठ भरलेल्या टाकीतून पंप काढता येत नाही. मॅपची फाइल, इंजेक्टर आणि पंपाचा मॉडेल नंबर आणि असेल तर रस्त्यावरची नोंद सोबत द्या.