मेंदूची निगा बीपीपासून का सुरू होते

मेंदू तल्लख ठेवायचा म्हटलं की आपल्याकडे भिजवलेले बदाम, ब्राह्मी आणि शब्दकोडी लगेच पुढे येतात. डॉक्टर मात्र आधी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघतात. ही रीत फार जुनी नाही, आणि ती रुजायला एका राष्ट्राध्यक्षाचा जीव जावा लागला.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो. शिल्लक मात्र काही ठेवत नाही. रक्त काही मिनिटं अडलं तरी पेशी मरू लागतात. १६५८ मध्ये स्वित्झर्लंडचे डॉक्टर योहान वेप्फर यांनी पक्षाघाताच्या झटक्याने गेलेल्यांची शवं उघडून मेंदूतला रक्तस्राव दाखवला. १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या कड्याचं काम उलगडलं. त्यांच्या ग्रंथासाठी आकृत्या काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते, लंडनचं सेंट पॉल कॅथेड्रल पुढे उभारणारे तेच. विलिस यांनी तपासलेल्या एका शवात मानेतली उजवी मुख्य रक्तवाहिनी पार बंद झालेली होती, तरी त्या माणसाला हयातीत पक्षाघात झाला नव्हता. रक्त या कड्यातून दुसऱ्या वाटेने पोचत राहिलं होतं.

रक्तदाब मोजण्याची सोपी साधनं मात्र दोन शतकांहून अधिक काळानंतर आली. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी दंडाचा पट्टा आणला, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची युक्ती दिली. आकडा कळू लागला, पण त्याचं करायचं काय? वय वाढलं, रक्तवाहिन्या कडक झाल्या की रक्त पुढे ढकलायला दाब वाढणारच, तो उतरवणं उलट धोक्याचं, असं भलेभले डॉक्टर मानत.

याची किंमत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी मोजली. मार्च १९४४ मध्ये हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं तेव्हा बीपी होतं १८६/१०८. त्यांचे नेहमीचे डॉक्टर, नाक-कान-घशाचे तज्ज्ञ रॉस मॅकिन्टायर, लोकांना सांगत राहिले की वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. उपाय तरी काय होते? मीठ कमी, सिगारेटी कमी, विश्रांती, आणि डिजिटॅलिस हे हृदयाचं औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला ते चित्रकर्तीसमोर बसलेले असताना डोक्यात मागच्या बाजूला भयंकर कळ आली. ब्रून यांनी नोंदवलेला दाब होता ३००/१९०. दुपारी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले.

१९४८ मध्ये अमेरिकेने मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ धडधाकट माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवायला सुरुवात केली. 'म्हातारपणाचा साहजिक दाब' ही समजूत मोडीत निघाली, ती मुख्यतः या गावाच्या नोंदींमुळे. दाब जितका जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त.

औषधाच्या कहाणीत मुंबई येते. सर्पगंधेची मुळी आयुर्वेदात पूर्वापार, बिहारकडे तर 'पागल की दवा' म्हणून प्रसिद्ध. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी रक्तदाबावरचा तिचा उपयोग नोंदवला होता, पण देशाबाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात छापले आणि पाश्चात्त्य डॉक्टर जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे दाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हे नाव जितकं घेतलं जायला हवं, तितकं घेतलं जात नाही.

१९६७ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर झालेल्या चाचणीने दाब उतरवल्याने जीव वाचतो हे सिद्ध केलं. त्या गोळ्यांच्या मिश्रणात रिसर्पिनही होतं. पुढे ते मागे पडलं, कारण काही रुग्णांना नैराश्य येत असल्याच्या तक्रारी होत्या. पण त्याआधी त्याने मेंदूविज्ञानाला एक देणगी दिली होती. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन सुस्त पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते द्रव्य) टोचलं आणि ते पुन्हा हिंडू लागले. हालचाली मंदावणाऱ्या, कंप आणणाऱ्या पार्किन्सन या आजारावरचा आजचा मुख्य उपचार याच वाटेने आला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

पक्षाघात टळतो हे कळलं, पण विसराळूपणाचं काय? २०१९ मध्ये 'स्प्रिंट' या रक्तदाबावरच्या अमेरिकी चाचणीतल्या पन्नाशीपुढच्या नऊ हजारांहून अधिक लोकांचे निष्कर्ष आले. वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात स्मृती-आकलनातली सौम्य घट कमी आढळली. डिमेन्शियातला (स्मृतिभ्रंशातला) फरक मात्र ठामपणे सिद्ध होण्याइतका नव्हता. चाचणी लवकर थांबवल्याने डिमेन्शिया झालेले तेवढे रुग्णच नोंदले गेले नाहीत. २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली. त्यांत मध्यमवयातला वाढलेला रक्तदाब आहे, मधुमेह आहे, तंबाखू आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे. बदाम न खाण्याचा किंवा शब्दकोडी न सोडवण्याचा त्यांत उल्लेख नाही.