टॅट पेप्टाइड: पेशीत शिरण्याच्या वाटेचा शोध

पेशीभोवतीचे पटल मेदाचे असते. पाण्यात विरघळणारे मोठे रेणू त्यातून सहसा आत जात नाहीत. म्हणूनच १९८८ मधला शोध अनपेक्षित होता. फ्रँकेल आणि पाबो यांनी, तसेच ग्रीन आणि लोवेनस्टाइन यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की एचआयव्हीचे ‘टॅट’ हे प्रथिन पेशींच्या वाढद्रवात नुसते मिसळले तरी ते आपणहून आत शिरते आणि विषाणूची जनुके चेतवते.

१९९४ मध्ये टॅटचे तुकडे दुसऱ्या प्रथिनांना जोडून तीही आत नेता आली. पुढे कळले, की या कामाला टॅटमधली ४७ ते ५७ क्रमांकांची अकरा अमिनो आम्ले पुरतात. हा छोटा तुकडा म्हणजेच टॅट पेप्टाइड. त्यांतली सहा आर्जिनिन, दोन लायसिन. सगळी आठ धनप्रभारित. १९९९ मध्ये डाउडी यांच्या गटाने टॅटला जोडलेले १२० किलोडाल्टन वजनाचे, म्हणजे बरेच मोठे एन्झाइम उंदरांच्या पोटात टोचले आणि ते मेंदूपर्यंत पोहोचल्याचे सांगितले. साहजिकच आशा फार वाढल्या.

या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा मात्र २००३ चा आहे. ४ अंश सेल्सिअसलाही पेप्टाइड आत दिसते, म्हणजे ते थेट पटल भेदून जाते, असा तोवरचा समज होता. कारण इतक्या थंडीत पेशी पटलाची घडी घालून बाहेरचे काही गिळत नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी पेशी रसायनाने स्थिर केल्या जात. त्या प्रक्रियेतच बाहेर चिकटलेले पेप्टाइड आत पसरत होते! जिवंत पेशी पाहिल्यावर ते बहुतांशी एंडोसोम नावाच्या पिशव्यांत अडकलेले आढळले. थेट प्रवेशाची कल्पना मांडणाऱ्या लबल्यू आणि व्हिव्हेस यांचीच नावे ही दुरुस्ती करणाऱ्या शोधनिबंधावर आहेत. आपलेच निष्कर्ष असे पुन्हा तपासायला धैर्य लागते.

तेव्हापासून खरा प्रश्न पिशवीतून सुटकेचा झाला. २००४ मध्ये त्यासाठी फ्लूच्या विषाणूचे एक पेप्टाइड टॅटला जोडले गेले. एंडोसोममधल्या आम्लतेने ते जागे होते आणि पिशवीचे पटल फोडायला मदत करते. फ्लूचा विषाणू स्वतःही अशाच वाटेने बाहेर पडतो.

रुग्णांवरच्या चाचण्यांत वेगळीच अडचण निघाली. पक्षाघातासाठीचे नेरिनेटाइड हे टॅटवर आधारलेले औषध २०२० च्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत फरक दाखवू शकले नाही. ज्यांना गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेजही दिले होते, त्यांच्या रक्तात नेरिनेटाइडचे प्रमाण बरेच कमी होते. अल्टेप्लेजमुळे तयार होणारे प्लाझ्मिन नावाचे एन्झाइम त्या पेप्टाइडला तोडून टाकते.