डिझायनर टॉय : सारखी दिसणारी खेळणी ओळखणं

चित्रकारानं स्वतः काढलेल्या पात्राची, ठरावीक सिरीजमध्ये निघणारी, खेळण्यापेक्षा जमवायलाच घेतली जाणारी बाहुली म्हणजे डिझायनर टॉय. पूर्वी नुसतं व्हिनाइल (एक प्लास्टिक) असायचं, हल्ली तोंड व्हिनाइलचं आणि अंगाला प्लश, म्हणजे मऊ केसाळ कापड. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं बॅगेला लटकलेलं कुठलंही केसाळ दातवालं खेळणं म्हणजे 'लबुबूच', त्यामुळं "ओळखायचं कसं ओ" असं कुणी विचारलं की आधी बघावं लागतं नेमकं काय विचारतोय, हे पात्र कुठलं की माल ओरिजिनल का फर्स्ट कॉपी. दोन्हीच्या खुणा वेगळ्या आहेत.

सुरुवात कुठं झाली यावर एकमत नाही. एक मत हाँगकाँगचं : तिथल्या मायकेल लाऊ या कलाकारानं १९९९ च्या सुमारास 'गार्डनर' ही मालिका दाखवली, तीच पहिली. दुसरं मत टोकियोचं : हाराजुकूतल्या बाउंटी हंटरसारख्या छोट्या दुकानांनी १९९० च्या दशकातच स्वतःची व्हिनाइल पात्रं काढायला घेतली होती, आणि अमेरिकन चित्रकार कॉजचा 'कम्पॅनियन' १९९९ मध्ये त्यांच्याकडूनच आला. लाऊच्या सुरुवातीच्या बाहुल्या १२ इंची ॲक्शन फिगरवर हातानं कपडे वगैरे चढवून केलेल्या होत्या, ओतीव व्हिनाइल नव्हत्या. उलट मऊ व्हिनाइल ओतायचं तंत्र जपानात राक्षसांच्या खेळण्यांमुळं १९६० च्या दशकापासून रुळलेलं. म्हणून कल्पनेचं श्रेय हाँगकाँगला आणि तंत्राचं जपानला देणं जास्त पटतं, जरी बहुतेक लिखाण लाऊपासूनच सुरू होतं. बंद डब्यातून काय निघेल ते नशीब, ही पद्धतही जपानच्या कॅप्सूल मशीनची. २००१ मध्ये आलेल्या बेअरब्रिक या अस्वलाच्या आकाराच्या जपानी खेळण्यानं ती वापरली. बेअरब्रिकमध्ये मापच टक्क्यांत सांगतात, १०० टक्के म्हणजे ७ सें.मी., ४०० म्हणजे २८, १००० म्हणजे ७०, तेव्हा कुणी "हजारचा आहे" म्हणाला तर ती किंमत नव्हे.

लाबुबू हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंगनं २०१५ मध्ये 'द मॉन्स्टर्स' या चित्रकथांसाठी काढली, नॉर्डिक लोककथांचा हात धरून. आधी खेळणी हाऊ टू वर्क ही हाँगकाँगची कंपनी काढायची, २०१९ पासून चीनची पॉप मार्ट. कानांवरून पात्र ठरवायला गेलं की चुकतं, कारण उभे लांब कान या टोळीत बहुतेकांना. शेपूट असेल तर तो झिमोमो, टोळीचा म्होरक्या, लाबुबूला शेपूट नसते. नाक पत्त्यातल्या बदामासारखं आणि रंग गुलाबीकडं झुकलेला असेल तर मोकोको. टायकोको हाडांचा सापळा, तो कुणी चुकत नाही. या टोळीबाहेरच्या सनी एंजल (२००४) आणि जुनी क्यूपी (१९०९) या बाळासारख्या बाहुल्यांची गल्लत मात्र माफ, दोघांनाही इवले पंख आहेत आणि पहिला दुसरीवरूनच सुचलेला, फक्त सनीच्या डोक्यावर काहीतरी टोपी असते.

नकलेला जगभर 'लाफुफू' म्हणतात. मी एकदा गणपत गल्लीतून आणलेला आणि पाहुण्यांच्या पोरीचा ओरिजिनल, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून बघितले. ओरिजिनलला दात नऊ, माझ्याला अकरा, आणि त्यातला एक ओठावर रंगाचा ठिपका पडावा तसा. ओरिजिनलचं तोंड फिकट पीच रंगाचं आणि मॅट, माझ्याचं नारिंगी आणि तेल लावल्यासारखं चमकणारं. मान फिरवली तर ओरिजिनलची गुळगुळीत फिरली, माझ्याची करकरली आणि मानेपाशी शिवणीचा दोरा बाहेर आला. डबा बघून काही कळत नाही, होलोग्राम आणि क्यूआर कोडसुद्धा कॉपी होतात आणि काही कोड तर नकली साइटवरच नेतात, म्हणून कोड स्कॅन झाला की वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायचा. नंतरच्या सिरीजमध्ये एका पायावर अल्ट्राव्हायोलेट उजेडातच दिसणारा शिक्का असतो. त्याला वेगळा टॉर्च नको, दुकानात नोटा तपासायचा जो निळा दिवा असतो तोच चालतो. २०२३ च्या मॅकरून सिरीजसारख्या आधीच्या मालाला हा नियम लावू नये, शिक्का नाही म्हणून तो नकली ठरत नाही. सीक्रेट रंग, म्हणजे सिरीजमधला क्वचित निघणारा गुपित रंग, बऱ्याच सिरीजमध्ये ७२ डब्यांमागं एक असा पडतो, त्यामुळं एकाच दुकानात सीक्रेटची रांग लागलेली दिसली तर दात मोजायची पण गरज नाही.

लहान मुलांच्या हातात देताना मात्र ओरिजिनल-डुप्लिकेटची चर्चा हौसेची राहत नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं नकली लाबुबूचे तुकडे सुटून गळ्यात अडकू शकतात असा इशारा दिला.

आपल्याकडं हा गोंधळ नवीन नाही. गोकाकची लाकडी फळं आणि आंबोली घाटाखालच्या सावंतवाडीची लाकडी फळं एका टोपलीत घातली तर आंबा कुठला नि सीताफळ कुठलं हे बाहेरच्याला सांगता येत नाही, आणि चन्नपट्टणची लाखेची खेळणीसुद्धा लोक गोकाकची म्हणून घेऊन जातात. चन्नपट्टणचं काम लेथवर फिरवून त्यावरच लाख चढवलेलं असतं म्हणून ते गोल आणि एकसारखं चकचकीत, गोकाकचं हातानं कोरून वरून रंगवलेलं.